येळवशीची भज्जी, गच्चीवरच्या भाजीची

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही लातूरचे, गावाकडची शेती आता राहिली नाही पण येळवस, म्हणजे शेतात काळ्या आईची पूजा करायची मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, अजून मनापासून करतो. गेल्या साली नैवेद्याच्या भज्जीची, म्हणजे पालेभाज्या नि शेंगा एकत्र शिजवून केलेल्या भाजीची, मेथी, चुका, वालाच्या शेंगा सगळं बाजारातून आणलं आणि नैवेद्य दाखवताना मनाला बरंच वाटेना, ज्याच्यावर काय फवारलंय ते माहीत नाही ते काळ्या आईपुढं कसं ठेवायचं. म्हणून गच्चीवर लावायचं म्हणतेय. पण मालक म्हणतात, प्यायला टँकर आणि तू झाडं जगवणार, हे पुण्य का पाप? आणि निर्माल्य कुंडीत टाकावं का? सासूबाई नको म्हणतात, पायाखाली येतं म्हणून.

उत्तर : ताई, मालकांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते दिवस लातूरकर कसे विसरतील. म्हणून आधी एक नेमच करा, एकदा तरी वापरल्याशिवाय पाणी झाडाला घालायचं नाही. तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेलं पाणी एका बादलीत साठवा, थंडीत माती भरून भाजी लावलेल्या सात-आठ बॅगांना तेवढं पुरतं, वरून वाळलेला पाला नाहीतर उसाचं पाचट अंथरलं की ओल टिकते. साबणाचं पाणी मात्र पालेभाजीला नको. असं केल्यावर ते पाप कसं होईल? सावता महाराजांना अरणच्या मळ्यातच पांडुरंग दिसला, मग आपल्याला गच्चीवर का दिसू नये!

आता वेळेचं बघा. दसऱ्यापासून येळवशीपर्यंत साधारण 80 दिवस मिळतात आणि ते अगदी बरोबर पुरतात. घटात आपण जे धान्य पेरतो ती खरं तर बियाणाची परीक्षाच असते, कोणतं जोमानं उगवलं ते आपल्या आज्या बघून ठेवायच्या. तसंच वालाचं बी त्याच नऊ दिवसांत ओल्या फडक्यात घालून बघा, 10 पैकी 8 उगवले तर दसऱ्याला लावून टाका, वालाला सगळ्यात जास्त दिवस लागतात. बी गावाकडून कुणाकडून तरी मागून आणा, गावरान असलं की पुढच्या साली आपलंच बी धरता येतं. चुका आणि कांद्याची पात दिवाळीनंतर लगेच, मेथी अगदी शेवटी, येळवशीच्या महिनाभर आधी. नुसती काळी माती भरू नका, वाळली की भेगाळते आणि ओली झाली की दगडासारखी बसते, अर्धी माती आणि अर्ध्यात शेणखत नि पालापाचोळा असं करा. भरलेली ओली बॅग लई जड होते, त्यामुळं स्लॅबच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या कडेनं ठेवा.

निर्माल्याचं म्हणाल तर सासूबाईंचा मान राखूनच करता येतं. कुंडीत थेट टाकूच नका, मी तसं केलं होतं, फुलं सडून वास सुटला आणि रोपं गेली. झाकणाचा जुना डबा घ्या, बुडाला भोकं पाडा, हारातला दोरा नि प्लास्टिक काढून फुलं, बेल, दुर्वा टाका आणि दरवेळी दुप्पट वाळला पाला, अधूनमधून आंबट ताक शिंपडा. दोन-तीन महिन्यांत काळं भुसभुशीत खत होतं. कुणाच्या पायाखाली येत नाही, नदीतही जात नाही, देवाला वाहिलेलं फूल पुन्हा देवाच्याच नैवेद्यात येतं, हे त्यांना सांगून बघा, त्या स्वतःच डबा सांभाळतील.

आणि हो, आंबील शिंपडायला शेत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, आम्ही गच्चीवरच्या बॅगांवरच ‘ओलगे ओलगे’ म्हणत शिंपडतो.

प्रश्न : आरओचं वाया जाणारं पाणी भाजीला चालेल का? (परभणी)

उत्तर : बोअरचं असेल तर त्यात क्षार लई साठलेले असतात. धुण्याभांड्याला ते खुशाल वापरा. झाडाला घालायचंच असेल तर निम्मं साधं पाणी मिसळून पालकाला घाला, तो सोसतो, पण घेवडा-वालाला नकोच. मातीवर पांढरा थर दिसला की लगेच थांबवा आणि पावसाळ्यात ती बॅग उघड्यावर ठेवून चांगली धुऊन निघू द्या.