पाणी दाट केलं आणि क्रीम उलटेना

प्रश्न : आमचा बचत गट खोबरेल आणि कोकमाच्या बियांचं तेल वापरून पायांच्या भेगांसाठी क्रीम करतो. वितळलेल्या तेलात इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा घटक) घालून गरम पाणी थोडं थोडं ओततो. मध्येच मिश्रण दुधाळ होतं आणि मग छान जमतं. या खेपेला क्रीम घट्ट व्हावं म्हणून पाण्यात आधीच झँथन गम (पाणी दाट करणारी पूड) घातला. सगळं पाणी संपलं तरी क्रीम तेलकटच. इमल्सिफायर खराब निघाला का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : ताई, इमल्सिफायर टाकून देऊ नका. माझा संशय गमवर आहे.

सुरुवातीला तेल बाहेर असतं आणि पाण्याचे थेंब आत. पाणी वाढलं की थेंब खेटतात, एकमेकांत मिसळतात आणि एकदम पलटी होते : पाणी बाहेर, तेल आत. तुम्ही बघता तो दुधाळ क्षण हाच. बाहेर कोण राहणार याचा कौल मुळात इमल्सिफायर देतो. तो ज्यात जास्त विरघळतो, तो द्रव बाहेर. रसायनशास्त्रज्ञ बँक्रॉफ्ट यांनी १९१३ साली हे मांडलं. गममुळे हा कौल फिरत नाही, पलटी मात्र लांबते. पातळ द्रव सहज वाहतो आणि दाट द्रवाला वेढून टाकतो. त्यामुळे दाट पाण्याचा ओढा आतच राहण्याकडे. त्याचे थेंब ढवळून नीट ताणले जात नाहीत, लवकर एकत्रही येत नाहीत. पलटीला नेहमीपेक्षा जास्त पाणी लागतं, आणि तुमचं पाणी त्याआधीच संपलं.

खात्री करून घ्या. वाटीभर कोमट पाण्यात क्रीमचा थेंब सोडून हलवा. पाणी पांढरं झालं तर पलटी झालेली आहे. तेलकट गोळा तसाच तरंगला तर नाही. पाणी कोमटच हवं, कारण कोकमाचं तेल ४० अंशांच्या आसपास वितळतं. गार पाण्यात ते थिजतं आणि चांगलं क्रीमही बिघडल्यासारखं दिसतं.

पुढच्या वेळी साध्या गरम पाण्यावर पलटी होऊ द्या, गम त्यानंतरच. तो आधी थोड्या ग्लिसरीनमध्ये कालवा, मग राखून ठेवलेल्या गरम पाण्यात. गुठळ्या होत नाहीत. दाटपणा शेवटी, हा क्रम कृपा करून मोडू नका.

आत्ताचं क्रीम गरम करून, साधं गरम पाणी थोडं थोडं घालत जोरात ढवळलंत तर बहुधा उलटेल. मात्र वजन वाढेल, तेव्हा प्रिझर्व्हेटिव्हचा हिशोब नव्या वजनावर करा. आपल्या दमट हवेत पाण्याच्या क्रीमला बुरशी धरायला वेळ लागत नाही, आणि हे क्रीम भेगाळलेल्या टाचांना लागणार आहे.