तळहात कोरडे झाल्यावर घाम कुठे जातो?

प्रश्न : वय 23. शाळेत असल्यापासून दोन्ही तळहातांना पाणी सुटतं. भरतीच्या परीक्षेत हाताखाली रुमाल धरूनही उत्तरपत्रिका भिजते, गोल काळे करताना कागद फाटतो. नागपूरला दुर्बिणीच्या ऑपरेशनचा सल्ला मिळाला. दहा वर्षांनीही हात कोरडे राहतील का? घरची शेती आहे.
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : हाताचं म्हणाल तर बहुतेकांचे वर्षानुवर्षं कोरडे राहतात; थोड्यांचा घाम परत येतो. तळपायांचा भरवसा नाही. तुमच्यासाठी खरा प्रश्न पाठीचा आहे.

काखेजवळच्या बारीक छिद्रांतून दुर्बीण छातीत घालतात आणि मणक्यालगत उतरणारी, घामाचा हुकूम नेणारी नस बरगडीवर कापतात किंवा तिला क्लिप लावतात. त्यानंतर पाठ, पोट, मांड्या जास्त घामेजतात. कमीअधिक त्रास बहुतेकांना होतो. काहींचा शर्ट दिवसातून दोन-तीनदा पिळून निघतो आणि ऑपरेशन केल्याचा पस्तावा होतो. हा घाम वर्षांनंतरही राहू शकतो, उन्हात वाढतो. पंख्याखाली बसणाऱ्याला तो निभतो. मे महिन्यात 45 अंशांत वावरातली धसकटं वेचणाऱ्याला जड जातो. कापलेली नस पूर्ववत होत नाही. क्लिप काढूनही घाम हटेल याची हमी नसते.

सर्जनला विचारा : नस कितव्या बरगडीवर कापणार? दुसरीवर कापल्यास पाठीचा घाम वाढण्याचा आणि पापणी पडण्याचा धोका जास्त. चौथीवर हात थोडे ओलसर राहतात, पण पाठीचा त्रास तुलनेने कमी. आमच्या मते शेतकऱ्याने तो ओलसरपणा पत्करावा.

त्याआधी आयंटोफोरेसिस, म्हणजे पाण्यातून हातांना सौम्य वीजप्रवाह देण्याचा उपचार, करून पाहाच. साध्या पाण्याच्या दोन ट्रेमध्ये तळहात ठेवून 15 ते 20 मिलिअँपिअर प्रवाह, 20 ते 30 मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा. दोन ते चार आठवड्यांत फरक पडतो, मग आठवड्यातून एकदा पुरतं. अंगठी काढून ठेवा. पेसमेकर असेल तर हा उपाय नाही. बॅटरी-चार्जर जोडून घरगुती जुगाड मुळीच करू नका.

20 टक्के ॲल्युमिनियम क्लोराइड रात्री पूर्ण कोरड्या हातांना लावून सकाळी धुवा. ओल्या कातडीवर त्याचं आम्ल होऊन आग होते.

ऑक्सिब्युटिनिनच्या गोळ्या अंगभर घाम कमी करतात, म्हणून त्या घेऊन उन्हात राबल्यास उष्माघाताचा धोका वाढतो. हिवाळ्यातल्या परीक्षेपुरत्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतील, पण पहिली गोळी परीक्षेच्या दिवशी नको. तोंड कोरडं पडतं, कधी जवळचं अक्षर पुसट दिसतं.