हाफ मॅरेथॉननंतर धावणं जमेनासं झालंय, दिवसभर थकवा असतो. काय करावं?

जानेवारीत मुंबईला हाफ पळलात, तेव्हापासून पाय शिशासारखे जड आणि दुपारी ऑफिसात डोळे मिटतात, असं तुम्ही लिहिलंय. आधी रक्त तपासून घ्या. नुसत्या सीबीसीवर, म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनच्या तपासणीवर, थांबू नका, फेरिटिन, बी१२ आणि डी३ ही जीवनसत्त्वं आणि थायरॉइडसाठीची टीएसएचही तपासा. हिमोग्लोबिन नॉर्मल दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तळाला गेलेला असू शकतो. पाळी येणाऱ्या, शाकाहारी धावपटूंमध्ये हे बरंच आढळतं.

माझं अगदी हेच झालं होतं. हिमोग्लोबिन १२.४, फेरिटिन ९! तीन महिने मी स्वतःला आळशी समजून आणखी पळत राहिले, त्याचं अजून वाईट वाटतं. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. जेवणाला लागून चहा मात्र आजपासून बंद, त्याने लोह नीट शोषलं जात नाही. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा.

रिपोर्ट येईपर्यंत वेग, किलोमीटर सगळं विसरा. दोन आठवडे फक्त चाला. मग गप्पा मारता येतील इतक्या हळू, वीसेक मिनिटं पळा. सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त लागले तर त्या दिवशी बूट घालूच नका. पहाटे पाचला उठायचं तर रात्री दहाला झोपायलाच हवं. रिकाम्या पोटी निघत असाल तर एक केळं खाऊन निघा.

छातीत दुखलं, चक्कर आली किंवा जिना चढतानाही धाप लागली, तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.