इंजिनचा दावा अवघड, पण गाडीच्या पुढच्या भागाच्या नुकसानीचा सोडू नका

प्रश्न : आमचं गाव दारव्हा तालुक्यात (जि. यवतमाळ) आहे. जानेवारीत सकाळी धुवारी पडलेली असताना माझी सहा वर्षं जुनी १,२०० सीसीची पेट्रोल कार रस्त्यावर उभ्या असलेल्या कापसाच्या ट्रॉलीला मागून हळूच धडकली. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हते. बंपर आणि जाळी तुटली, बाकी ठीक वाटलं. गावातल्या मेकॅनिकने रेडिएटरमध्ये पाणी टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी यवतमाळला नेताना इंजिन तापून बंद पडलं. हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलं म्हणतात. फुल इन्शुरन्स आहे, तरी कंपनीने पूर्ण दावा नाकारला. ट्रॉलीवाला डाल्याचे (ट्रॉलीच्या मागच्या फळीचे) पैसे मागतो आणि चूक माझीच होती असं स्टॅम्पपेपरवर लिहून मागतो. काय करावं?

उत्तर : स्टॅम्पपेपरवर सही करू नका, हे सगळ्यात आधी. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, देण्याचं वचनही द्यायचं नाही, अशी अट पॉलिसीतच असते. डाल्याचं नुकसान तुमच्या पॉलिसीच्या थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीच्या) भागात येतं. ट्रॉलीवाल्याला पॉलिसी नंबर द्या आणि त्याची मागणी कंपनीला लेखी कळवा. मागून धडकणाऱ्यावर अंतर न राखल्याचा ठपका बहुधा येतोच. पण वाहन इतरांना धोका होईल असं रस्त्यावर उभं ठेवायला मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ ची मनाई आहे, त्यामुळे सगळा दोष तुमच्या माथी बसत नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं की कलम १३४ प्रमाणे २४ तासांत ठाण्यात कळवावं लागतं. राहून गेलं असेल तर उशिराचं कारण लिहून आताच अर्ज द्या आणि पोच घ्या.

आता गाडीचं. कंपनीने दोन वेगळी नुकसानं एकाच पत्रात गुंडाळली आहेत. पॉलिसीची अट अशी असते की, अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली तर त्यामुळे वाढलेलं नुकसान विमाधारकाच्या जोखमीवर. इंजिनच्या बाबतीत ही अट तुमच्या विरोधात जाते, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. पण बंपर, जाळी, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर धडकेतच फुटले असतील, तर त्यांना ही अट लागत नाही. केवळ या अटीवर पूर्ण दावा नाकारणं टिकणारं नाही.

म्हणून गॅरेजकडून दोन वेगळी एस्टिमेट घ्या : एक धडकेचं, एक तापण्याचं. जुने भाग भंगारात जाऊ देऊ नका. रेडिएटर थंड असताना झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी (बहुतेक गाड्यांत सुमारे १ बार) प्रेशर टेस्ट करून घ्या आणि गळती कुठून होते त्याचे फोटो काढा. जुन्या गळतीभोवती वाळलेल्या कूलंटचे डाग आणि क्षार साचलेले दिसतात, बोअरचं पाणी वापरलं असेल तर जास्तच. ताजी चीर स्वच्छ असते. वाकलेली बंपरची पट्टी, दबलेला कंडेन्सर आणि चीर एका रेषेत दिसले, तर रेडिएटर आधीच गळत होता असा बचाव कंपनीने घेतला तरी तो कमकुवत होतो. फॅनचं पातं किंवा चौकट तुटली असेल तर तेही नोंदवा. फॅन फिरला नाही की पाणी पुरेसं असूनही इंजिन तापतं.

इंजिनसाठी भांडायचं का, हे एका गोष्टीवर ठरतं : धोका तुम्हाला कळण्यासारखा होता का? काही चिरा इंजिन तापून दाब वाढल्यावरच उघडतात, थंड गाडीखाली थेंबही दिसत नाही. मेकॅनिककडून त्याने काय पाहिलं आणि किती पाणी टाकलं ते खरं लिहून घ्या. अर्धा लिटर लागलं असेल तर तुमची बाजू उभी राहते. तीन लिटर लागलं असेल तर गळती उघड होती, असं कंपनी म्हणेल आणि त्यात तथ्य असेल. स्कॅनरवर एरर कोडसोबतची त्या क्षणाच्या तापमानाची नोंद मिळाली तर प्रिंट घ्या. तापमानाचा दिवा लागल्यावरही गाडी पुढे नेली असेल, तर इंजिनचा हट्ट सोडा. तो धरून ठेवल्याने चांगला भागही अडकून पडतो.

पैशांचा अंदाज असा : पाच ते दहा वर्षं वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के, प्लास्टिक-रबरावर ५० टक्के घसारा (जुनेपणामुळे घटलेली किंमत) कापतात. रंगाच्या साहित्यावरही ५० टक्के. काचेवर काही नाही, मजुरी पूर्ण धरतात. १,५०० सीसीपर्यंत आणखी १,००० रुपये वजा होतात. झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) घेतलं असेल तर घसाऱ्याची कपात बहुतेक टळते. दावा मंजूर झाला की नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, म्हणून हातात उरणारी रक्कम त्या बोनसशी ताडून पाहा.

सर्व्हेअरच्या (कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्याच्या) अहवालाची प्रत लेखी मागा आणि दोन्ही एस्टिमेट जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं. तिथे शुल्क नाही आणि वकीलही चालत नाही. ते नको असेल तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करा. तुम्ही जिल्ह्यातच राहता, त्यामुळे कंपनीचं कार्यालय कुठेही असलं तरी तक्रार तिथे चालते. भरलेला हप्ता पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही. इंजिन उघडण्याआधी फेरतपासणीची मागणी ईमेलने पाठवा. उघडलेल्या इंजिनवर सर्व्हेअर काहीही लिहू शकतो.