मुले किती हवीत आणि किती होतात

प्रश्न : आमच्या शेजारच्या बांधकामावर बिहारचे मजूर आहेत, बहुतेकांना चार-चार मुले. उलट, गोव्यातले माझे नातेवाईक एकावरच थांबले आहेत. प्रांताप्रांतांत मुलांची हौसच इतकी वेगळी असते का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हौसेत फरक आहे, पण तो दिसतो तेवढा मोठा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत एका स्त्रीमागे सरासरी जन्म बिहारमध्ये 3, महाराष्ट्रात 1.7 आणि गोव्यात 1.3 आढळले. हे आकडे जन्मांचे आहेत, इच्छेचे नव्हेत. इच्छा जाणण्यासाठी मुले असलेल्यांना विचारले जाते, की एकही मूल नव्हते त्या काळात परत जाता आले आणि आयुष्यात किती मुले व्हावीत हे स्वतः ठरवता आले, तर किती ठरवाल? देशभरातील स्त्रियांचे सरासरी उत्तर दोनाच्या किंचित वर आले. अर्थात, चौथे लेकरू मांडीवर असलेली आई 'दोनच हवी होती' असे सहसा म्हणत नाही. म्हणून नकळत लादल्या गेलेल्या बाळंतपणांचा खरा आकडा या उत्तरांतून पुरता कळत नाही, असे मला वाटते.

त्याच फेरीत बिहारमध्ये 20 ते 24 वयोगटातील सुमारे 41 टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधीच झालेले होते. गोव्यात हेच प्रमाण सुमारे 6 टक्के होते. लग्न लवकर, पहिले बाळंतपण लवकर आणि मुलगा होईपर्यंत थांबायचे नाही हा घरच्यांचा आग्रह, अशा स्थितीत सुनेला काय हवे हे विचारतो कोण? त्यातच, पाळणा लांबवायचा किंवा थांबवायचा आहे पण कोणतेही साधन वापरात नाही, अशा विवाहित स्त्रिया बिहारमध्ये जवळपास 14 टक्के होत्या. आपल्याकडे निम्म्या विवाहित स्त्रियांचे 'ऑपरेशन' झालेले होते, तिथे सुमारे 35 टक्क्यांचे. तेव्हा 'त्यांना मुलांची हौसच फार' हा शेरा त्या बायकांवर अन्याय करणारा आहे.

गोव्यात गणित बरेचसे उलटे असू शकते. उशिरा झालेले लग्न, दोघांच्या नोकऱ्या, घराचे हप्ते आणि मूल सांभाळायला घरात कोणी नसणे, यांमुळे दुसरे हवे असूनही राहून जाते. आपल्या नातेवाइकांना दुसरे मूल नकोच होते, असे त्यांना न विचारता धरून चालू नये.