दांडिया बाजारातला प्लॉट आणि 50 चौरस मीटरची तूट

प्रश्न : बडोद्यात दांडिया बाजारात आमचा 14 बाय 30 मीटरचा, म्हणजे 420 चौ.मी.चा वडिलोपार्जित प्लॉट आहे. जुना वाडा उतरवून नवा प्लॅन टाकला. खाली 100 चौ.मी. दुकानं (दोन जुने भाडेकरू परत यायचे आहेत), पहिल्या मजल्यावर 150 चौ.मी. ऑफिसं आणि वर 450 चौ.मी. फ्लॅट. महापालिकेने त्रुटी काढली : दुकानं-ऑफिसांच्या एफएसआयच्या (नियमात मोजल्या जाणाऱ्या बांधकाम क्षेत्राच्या) 50 टक्के आणि फ्लॅटच्या 20 टक्के, म्हणजे 215 चौ.मी. पार्किंग हवं. आर्किटेक्टच्या मते 165 च बसतं. चुलतभावाने इम्पॅक्ट फी भरून पार्किंग नियमित करून घेतलं. आम्हीही आधी बांधून मग फी भरली तर चालेल का? शिवाय 300 मीटरवर मित्राचा मोकळा प्लॉट भाड्याने मिळतोय.

उत्तर : चुलतभावाची वाट तुम्हाला बंद आहे. इम्पॅक्ट फीचा, म्हणजे फी भरून बेकायदा बांधकाम नियमित करण्याचा, गुजरातचा 2022 चा कायदा 1 ऑक्टोबर 2022 पूर्वी उभ्या राहिलेल्या बांधकामांसाठी आहे. त्यात निम्मं पार्किंग जागेवर किंवा 500 मीटरच्या आत दाखवायचं आणि उरलेल्या निम्म्यासाठी फी भरायची. तुमची इमारत अजून कागदावरच आहे. आधी बांधून मग फी भरायला गेलात, तर अर्ज घेणारी खिडकीच तुमच्यासाठी नसेल. उलट काम चालू असतानाच महापालिका कायद्याच्या कलम 260 ची, बेकायदा बांधकामाबद्दलची नोटीस येऊ शकते आणि बीयू (इमारत पूर्ण झाल्यावरचा वापर परवाना) अडेल ते वेगळंच. सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2024 ला मेरठच्या प्रकरणात बजावलं आहे की पूर्णता दाखला पाहिल्याशिवाय बँकेने इमारतीवर कर्ज देऊ नये आणि वीज-पाण्याची कायम जोडणीही मिळू नये. फ्लॅट घेणाऱ्याचं कर्जच मंजूर झालं नाही तर तुमचे पैसे कुठून सुटणार?

आता आकडेमोड. पार्किंगची मागणी बांधकामाच्या वापरावर ठरते, त्यामुळे माफी मागण्याआधी वापर बदलून पाहा. एक चौरस मीटर ऑफिसचं फ्लॅटमध्ये गेलं की मागणी 0.30 चौ.मी.ने घटते. पहिला मजला सगळा फ्लॅटला दिलात तर दुकानांचे 50 आणि 600 चौ.मी. फ्लॅटचे 120, मिळून 170 लागतील. तूट 50 वरून 5 वर आली.

उरलेल्या 5 साठी वरच्या मजल्यांवरून 25 चौ.मी. काढावे लागतील. तळमजल्यावर मात्र तेच काम 5 चौ.मी.त होतं, कारण तिथली कपात दोनदा मोजली जाते. दुकानं 95 केली की मागणी 2.5 ने कमी होऊन 167.5 होते आणि सुटलेली 5 चौ.मी. जागा पार्किंगला मिळून उपलब्ध 170 होते. एवढंच पाहा की ही जागा पार्किंगला लागून असावी आणि गाडी तिथे वळावी. कोपऱ्यातली चिंचोळी पट्टी छाननीत धरत नाहीत.

त्याआधी आर्किटेक्टकडून एक गोष्ट तपासून घ्या. टक्केवारी वापरलेल्या एफएसआयवर लागते, एकूण बांधीव क्षेत्रावर नाही. हॉलो प्लिंथमधलं (खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्यातलं) पार्किंग एफएसआयमध्ये मोजत नाहीत. तक्त्यात ते चुकून धरलेलं असेल, तर तूट दिसते तेवढी नाही.

तळघराचा विचार कोणी सुचवला तर सोडून द्या. तीन मीटर खाली उतरायला आठास एक उताराचा रॅम्प 24 मीटर लांब होतो आणि तुमचा प्लॉटच 30 मीटर खोल आहे. शिवाय दांडिया बाजारात शेजाऱ्याशी सामायिक भिंत असते. खोदाईत ती फाटली की पार्किंगपेक्षा मोठा दावा अंगावर येतो. दोन थरांचं यांत्रिक पार्किंग शक्य आहे, पण वरच्या थराचं क्षेत्र मोजणीत धरणार का, हे नकाशा काढण्यापूर्वीच महापालिकेकडून लेखी घ्या. हॉलो प्लिंथची उंचीही त्याप्रमाणे वाढवावी लागेल.

मित्राच्या प्लॉटचं म्हणाल तर 500 मीटरची सवलत त्या इम्पॅक्ट फीच्या कायद्यातली आहे. ती नव्या रजाचिठ्ठीला (बांधकाम परवानगीला) आपोआप लागू होत नाही. महापालिका मान्य करते असं कोणी तोंडी सांगितलं तरी 11 महिन्यांच्या साध्या करारावर विसंबू नका. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच लागतो, आणि इमारत उभी असेपर्यंत पार्किंग हवं असताना 11 महिन्यांचा कागद काय कामाचा? मित्राने प्लॉट विकला की तुम्ही उघडे पडाल.

तरीही सूट मागायचीच असेल तर आयुक्तांकडे लेखी अर्ज करा. सोबत प्रॉपर्टी कार्ड, रस्त्याची रुंदी दाखवणारा नकाशा, आणि पर्याय पडताळून पाहिल्याचा आर्किटेक्टचा तक्ता जोडा. अर्ज नाकारल्यास कारणांसह आदेश मागा. त्यावर उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम 226 खाली जाता येतं, पण न्यायालय बहुधा नव्याने निर्णय घ्यायला सांगेल. स्वतः पार्किंग कमी करून देईल, ही आशा धरू नका. माझ्या मते 5 चौरस मीटरसाठी त्या फेऱ्यात पडू नये.

दुरुस्त प्लॅन त्रुटीपत्राच्या मुदतीतच टाका, नाहीतर फाइल निकाली निघून नव्याने सुरुवात होईल. त्याआधी भाडेकरूंशी झालेला करार काढून पाहा. त्यात दुकानांचं क्षेत्र आकड्यात लिहिलेलं असेल, तर 95 चौ.मी.वर दोघांच्या सह्यांचं संमतीपत्र घ्या आणि कोणाच्या गाळ्यातून किती कमी होतं, ते नकाशावर दाखवून जोडा.