पहिल्या हंगामात हापूस ऑनलाइन विकताना

बागेतला हापूस थेट ग्राहकाला विकण्याचा तुमचा निर्णय योग्य आहे. पहिल्या वर्षी व्हॉट्सॲप बिझनेस आणि इन्स्टाग्राम एवढे पुरे. जाहिरातींवरचा खर्च नंतर पाहता येईल. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी त्या नावाखाली दुसराच आंबा विकला जात असल्याने ग्राहक साशंक असतो. म्हणून छायाचित्रे आपल्याच झाडांची टाकावीत आणि डझनाच्या भावासोबत फळाचे वजनही लिहावे.

नवखे विक्रेते साका (फळाचा गर आतून पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष) निघाल्याची तक्रार पुसून टाकतात. मीही एकदा तसे केले आणि मुंबईतील एका सोसायटीची सगळी गिऱ्हाइके गमावली. उत्तर सर्वांसमोर द्या, फळ बदलून द्या. पैसे स्वीकारताना यूपीआय पिन लागत नाही. आगाऊ रकमेसाठी कोणी तो टाकायला सांगितला, तर व्यवहार तेथेच थांबवा.